चापाला लावलेला चाप

किल्ली हरवलीये हे कळलं तेव्हा मी बेसमेंटमधल्या कपाटासमोर स्टुलावर बसलो होतो, मांडीवर रायफल, तिच्या चापावर ते काळं कुलूप आणि हातात सात किल्ल्या. सातही लावून झाल्या होत्या. एक जुन्या सायकलची निघाली, दोन सूटकेसच्या, एक आधीच्या अपार्टमेंटच्या टपालपेटीची, आणि ते अपार्टमेंट सोडून आठ वर्षं झालीत. उरलेल्या तीन कशाच्या ते आजही माहीत नाही. कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या अशा किल्ल्या प्रत्येक घरात सापडतात आणि हवी ती सोडून सगळ्या सापडतात, त्यात नवीन काही नाही, पण या वेळी कुलपाखाली बंदूक होती.

तुझ्याकडे बंदूक कशाला, हा पुढचा प्रश्न मला पाठ आहे, गावाकडच्या प्रत्येकाने विचारलाय. तर मी पेनसिल्वेनियात राहतो, हॅरिसबर्गजवळ. इथे हरणांच्या शिकारीचा सीझन म्हणजे आपला शिमगाच समजा, मुंबईचे चाकरमानी जसे काहीही करून रजा काढून गावी पळतात तशी ही माणसं डोंगरातल्या आपापल्या केबिनकडे पळतात. पूर्वी रायफलचा सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा आणि त्या सोमवारी कितीतरी शाळांना चक्क सुट्टी असायची, २०१९ पासून तो शनिवारी सुरू होतो. माझ्या ऑफिसात एकजण आहे, त्याला आम्ही घरात पाटील म्हणतो, कारण ४० एकर जमीन, मिशा, आणि सगळ्या गावाला सल्ला देण्याची सवय. या पाटलाने मला नादाला लावलं. मी आधी टाळलं, कारण एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला इथे सहसा बंदूक बाळगता येत नाही (शिकारीचं लायसन्स असेल तर सूट आहे, पण त्या भानगडीत कोण पडतंय), मग ग्रीन कार्ड आलं आणि ते निमित्तही गेलं. पहिल्यांदा शिकारीचं लायसन्स काढणाऱ्याला इथे कोर्स सक्तीचा आहे, तो केला. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरला, दुकानदाराने माझ्यावर काही गुन्हेबिन्हे नाहीत ना ते चेक केलं आणि अर्ध्या-पाऊण तासात मी रायफल घेऊन बाहेर. मला आठवतंय, पार्किंगमध्ये मी दोन मिनिटं गाडीत नुसता बसून राहिलो होतो. आमच्याकडे गॅसचं कनेक्शन घ्यायला याहून जास्त वेळ लागला होता.

दोन सीझन गेलो. डोक्यावर, छातीवर, पाठीवर मिळून २५० चौरस इंच भगवा नारिंगी रंग घालावा लागतो, तो घालून पहाटे पाचला झाडाला टेकून बसायचं आणि थंडीने बोटं वाकेनाशी झाली की परत यायचं. एकदाही बार काढला नाही. एकदा एक मादी इतक्या जवळ आली होती की तिच्या नाकातून निघणारी वाफ दिसत होती, मी बघत राहिलो आणि ती गेली. पाटील म्हणाला होतं असं पहिल्या वर्षी. दुसऱ्या वर्षी काही म्हणाला नाही. तिसऱ्या वर्षी मी गेलोच नाही, रायफल कपाटात, कपाटाला एक साधं लॅच, आणि चापाला कुलूप.

या कुलपाला इथे ट्रिगर लॉक म्हणतात. मराठीत गंमत अशी की बंदुकीचं जे ओढायचं त्यालाही आपण चाप म्हणतो आणि माजलेल्या माणसाला आवरायचं असलं तरी चापच लावतो, म्हणजे हा चापाला लावलेला चाप झाला. वस्तू अगदी किरकोळ आहे. दोन तुकडे असतात, आतून रबर लावलेले, एक डाव्या बाजूने आणि एक उजव्या बाजूने चापाभोवतीच्या कड्यावर बसतो, मधून एक दांडी जाते, दाबत गेलं की टक टक टक करत घट्ट होतं आणि मग किल्लीशिवाय निघत नाही. चापापर्यंत बोटच पोचत नाही. किंमत दहाएक डॉलर. भरलेल्या बंदुकीला हे कधीही लावायचं नाही असं कोर्समध्ये तीन वेळा सांगितलं होतं, कारण लावताना किंवा काढताना ती मधली दांडीच चापाला लागू शकते.

तर पाटलाच्या पुतण्याला पहिला सीझन करायचा होता, त्याच्यासाठी पाटील माझी रायफल विकत घ्यायला तयार होता, बायको तर गेली तीन वर्षं 'काढून टाक ती' म्हणतच होती, सगळं जुळून आलं आणि मी खाली गेलो तर किल्ली नाही.

पहिलं काम केलं ते म्हणजे बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा मागचा दांडा, उघडून बघितलं. माझ्या रायफलचा बोल्ट कुलूप असतानाही मागे येतो. आत टॉर्च मारला, करंगळी घालून चाचपलं, रिकामी. रिकामीच असणार हे माहीत होतं तरी बघितलं. गोळ्यांची पेटी वेगळीकडे, वरच्या मजल्यावर. मग शोधाशोध.

किल्ली टॉर्च आणि बॅटऱ्या असतात त्या ड्रॉवरमध्ये, मागच्या बाजूला, एका रिकाम्या फिल्मच्या डबीत ठेवली होती. हे मला पक्कं आठवत होतं. डबी मिळाली, डबीत दोन सेफ्टी पिना. मग नेहमीचं, आधी असं वाटतं की आपणच हलवली असेल, मग कोटाचे खिसे, मग गाडी, मग कोणीतरी हलवली असेल, मग कोणी हलवली यावरून भांडण. उन्हाळ्यात आई सहा महिने राहून ऑक्टोबरात परत गेली होती आणि आमची आई म्हणजे दुसऱ्याच्या घरातले ड्रॉवर आवरल्याशिवाय जिला झोप येत नाही. फोन केला. "मी तुझ्या त्या बंदुकीला हात पण लावलेला नाही हां," आई म्हणाली, आणि वर, "आपल्या घरात ती असली तरी मी कधी हात लावला नव्हता, तुझ्याकडे येऊन लावू?" विषय संपला.

ते 'आपल्या घरात' म्हणजे कुडाळजवळच्या आमच्या घरात. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची, सिंधुदुर्गात ही गोष्ट काही अपूर्वाईची नाही. माजघराच्या भिंतीत दोन खुंट्या, त्यावर ती आडवी. कुलूप नाही, काही नाही. आम्ही पोरं तिच्याखाली जेवायला बसायचो. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर काथ्या, मग छर्रे, परत काथ्या, गजाने ठासायचं, आणि मागे घोड्याखाली टोपीसारखी बारकी केप बसवायची, त्या केपेवर घोडा पडला की बार. केप नसली तर सगळी मिळून एक जड काठी. आणि त्या केपांची डबी असायची आजीच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली आजीच्या कमरेच्या जुडग्यात. म्हणजे माकडं माडावर आली की आजोबा खळ्यातून ओरडायचे, "अगो, डबी दी, माकडां इली!" आणि आजी भाकरी थापत असली तर भाकरी तव्यावर टाकून, हात धुऊन, पुसून, मग येणार, कपाट उघडणार, डबीतून मोजून दोन केपा काढून देणार आणि कपाट परत लावणार. तोवर माकडांचं शहाळी पाडून झालेलं असायचं. आजोबा चिडायचे. डबी मात्र त्यांनी कधी स्वतःकडे मागून घेतली नाही.

निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकाल लागल्यावर सोडवून आणायची. त्या दीड-दोन महिन्यांत माकडांचं राज्य, त्यांना कसली आलीये आचारसंहिता. आजोबा गेल्यावर वडिलांनी ती एकदाची जमाच करून टाकली, परवाना आपल्या नावावर करून घ्यायच्या फंदात पडले नाहीत. खुंट्या अजून आहेत, एका खुंटीवर छत्री असते.

असो. दोन शनिवार-रविवार शोधण्यात गेले. माझी चिडचिड अशी की वस्तू माझी, पैसे मी मोजले, समोर आहे आणि मला उघडता येत नाही. बायको शांत होती आणि ती शांत असली की मला जास्त टेन्शन येतं. रात्री भांडी लावताना ती म्हणाली, "अरे, तुला किल्ली सापडत नाही याचा त्रास होतोय. मला ती कुठेतरी आहे याचा होतोय."

मी तिथेच थांबलो, हातात कुकरचं झाकण. कारण हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हरवलेली किल्ली म्हणजे नाहीशी झालेली किल्ली असं मी धरून चाललो होतो. पण ती सोफ्याच्या फटीत असेल, लेकीच्या क्राफ्टच्या डब्यात असेल, व्हॅक्यूमच्या पिशवीत असेल, ती कुठेतरी नीट शाबूत पडलेलीच आहे आणि मी सोडून बाकी कोणालाही सापडू शकते. मला सापडत नाही तोवर त्या कुलपाला काही अर्थ नाही. लेक नऊ वर्षांची, तिच्या मैत्रिणी येतात, बेसमेंटमध्ये लपाछपी चालते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिरियल खाताना मी लेकीला अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, एक छोटी चपटी किल्ली कुठे बघितलीस का. ती न बघताच म्हणाली, "बाबा, तुझ्या गनची ना? ती बॅटरीच्या ड्रॉवरमध्ये असते, ब्लॅक डबीत. पण आता नाहीये तिथे."

कधी बघितलीस? मागच्या वर्षी. का? तिला रिमोटसाठी बॅटरी हवी होती. गनची आहे हे कसं कळलं? "त्या लॉकवर पण सेम लायन आहे ना," ती म्हणाली, आणि खरंच, किल्लीच्या डोक्यावर आणि कुलपावर एकाच छापाचा बारका सिंह होता, माझ्या तो कधी लक्षातही आला नव्हता. म्हणजे तिने कपाटही उघडून बघितलं होतं. मी विचारलं, हात लावलास? नाही म्हणाली. मी विश्वास ठेवला. बायकोने ठेवला का ते मी विचारलं नाही. लेकीने दूध पिऊन बाऊल सिंकमध्ये ठेवला आणि बसला पळाली. मी मात्र त्या दिवशी ऑफिसात दुपारपर्यंत एक ओळ कोड लिहिला नाही. वर्षभर मी ज्याला लपवणं म्हणत होतो ते फक्त माझ्यापुरतं लपवणं होतं, घरातल्या सगळ्यात लहान माणसाला ते कुलपाच्या छापासकट पाठ होतं.

गोळ्या त्याच संध्याकाळी पाटलाकडे पोचवल्या. गाडीच्या डिकीत, एका बुटांच्या खोक्यात. त्याने काही विचारलं नाही.

आता कुलूप काढायचं कसं. किल्लीचा नंबर कंपनीला कळवला की दुसरी मिळू शकते असं कागदावर लिहिलं होतं, कागद मी जपून ठेवला होता, नंबर मात्र किल्लीवर कोरलेला. अशा वेळी हसावं की काय करावं कळत नाही. मग जे सगळे करतात ते केलं, व्हिडिओ बघितले. ते मी इथे सांगत बसणार नाही, पण एवढंच सांगतो की बघता बघता माझा घसा कोरडा पडत गेला, कारण मला वाटलं होतं हे अवघड असेल. मागे जाऊन वाचलं तर २००१ च्या सुमारास इथल्या सरकारच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ३२ प्रकारची बंदुकीची कुलपं तपासली होती आणि त्यातली ३० किल्लीशिवाय उघडली होती. ३२ पैकी ३०! आपल्याकडे दूधवाल्याचा कॅन तपासला तरी याहून बरा निकाल येईल. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी स्वतःचे टेस्टिंगचे नियम आणले, २००५ च्या केंद्राच्या कायद्याने दुकानदाराला हॅन्डगनबरोबर, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्वरबरोबर, कुलूप किंवा तसलं काहीतरी देणं सक्तीचं केलं. देणं सक्तीचं, लावणं नाही. लावायचं की नाही ते राज्याराज्यावर. मॅसॅच्युसेट्समध्ये वापरात नसलेली बंदूक कुलपातच हवी, पेनसिल्वेनियात मोठ्या माणसाला तसा नियम नाही, म्हणजे मी कायद्याच्या दृष्टीने पहिल्यापासूनच आदर्श नागरिक.

आणि याच वाचनात हेलरची केस सापडली. वॉशिंग्टन डीसीचा १९७६ चा कायदा होता की घरातली बंदूक रिकामी आणि सुटी करून तरी ठेवा नाहीतर तिला ट्रिगर लॉक तरी लावा. तो सुप्रीम कोर्टात गेला आणि २६ जून २००८ ला ५ विरुद्ध ४ अशा निकालाने पडला. सुनावणीत सरन्यायाधीश रॉबर्ट्सनी विचारलं, हे कुलूप काढून बंदूक भरायला वेळ किती लागतो? डीसीच्या वकिलाने सांगितलं, मी स्वतः करून बघितलंय, आकड्याचं कुलूप आहे, तीन सेकंद लागले. त्यावर रॉबर्ट्स म्हणाले, म्हणजे आधी दिवा लावायचा, मग वाचायचा चष्मा शोधायचा... आणि कोर्टात हशा पिकला. मी हे वाचत होतो तेव्हा माझा चष्मा कपाळावर होता आणि मी तो टेबलावर शोधत होतो, हे बायकोने दाखवून दिलं. निकाल कोणाला पटो न पटो, पण तीन सेकंद म्हणणाऱ्या त्या वकिलाला आमच्या बेसमेंटमध्ये आणून बसवावं असं फार वाटलं. माझा दुसरा रविवार चालू होता.

शेवटी पाटीलच म्हणाला, गपचूप बंदूकवाल्याकडे जा, घरी ड्रिल लावू नकोस, कुलूप दहा डॉलरचं आहे, रायफल नाही, आणि तुझी बोटं तर अजिबात नाहीत. गनस्मिथ, म्हणजे बंदुकीचा मिस्त्री. लँकेस्टरच्या बाजूला एका शेताच्या कडेला त्याची शेड, बाहेर पाटी बारकी, आत तेलाचा आणि लाकडाच्या भुश्याचा वास. अठराव्या शतकात याच भागात जर्मन वंशाच्या कारागिरांनी ती लांबलचक पेनसिल्वेनिया रायफल घडवली, ही माणसं अजून ते विसरलेली नाहीत. म्हातारा सत्तरीचा असेल. मी केस टेबलावर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली की रिकामी आहे, मी बघितलंय, तर त्याने मान हलवली आणि मी काही बोललोच नाही अशा थाटात स्वतः बोल्ट मागे ओढला, दिव्याखाली धरून आत बघितलं, करंगळी घातली. अगदी मी घातली होती तशीच. मला राग आला नाही, उलट बरं वाटलं.

मग माझं लायसन्स बघितलं, ही तुझीच कशावरून विचारलं, दुकानाची पावती बघितली. ही सगळी चौकशी कुलूप काढण्यापेक्षा लांबली. मग तो रायफल घेऊन मागच्या बाकावर गेला, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, एक कुरकुर आवाज, एक ठक, आणि कुलपाचे दोन तुकडे माझ्यासमोर आणून ठेवले. चहा गाळायला लागतो तेवढा वेळ. चापाच्या कड्यावर ओरखडासुद्धा नाही. वीस डॉलर.

भिंतीवर एक चकमकीची बंदूक टांगलेली होती. मी म्हटलं माझ्या आजोबांकडे अशीच तोंडातून भरायची होती, तर त्याचे डोळे चमकले, काय ठासायचे विचारलं, मी नारळाचा काथ्या कसा असतो ते हाताने दाखवत बसलो. इथे २६ डिसेंबरपासून फक्त चकमकीच्या बंदुकांचा वेगळा सीझन असतो, म्हणाला येत जा. मग विचारलं, आजोबांच्या बंदुकीला दगड होता की केप? केप, म्हटलं. त्याने खेदाने मान हलवली, "मग बाद. केपवाली चालत नाही. फार मॉडर्न." आजोबांना आयुष्यात कोणी पहिल्यांदाच मॉडर्न म्हटलं असेल.

पुढच्या आठवड्यात रायफल पाटलाच्या नावावर झाली. इथे रायफल ओळखीच्या माणसाला अशीच हातोहात विकता येते, पण आम्ही दुकानात जाऊन रीतसर चेक करूनच दिली, माझाच आग्रह. पाटलाने नवीन कुलूप आणलं होतं, त्याच्या दोन किल्ल्या, आणि त्याने त्यातली एक तिथल्या तिथे आपल्या बायकोच्या हातात दिली. तिने पर्समध्ये टाकली आणि चेन लावली. तो तिला म्हणाला, कुठे ठेवशील ते मला सांगू नको. मला उगाच भाकरीच्या पिठाचे हात आठवले.

घरी लेकीला सांगितलं, गेली गन. "ओके," म्हणाली. कपाटात आता ख्रिसमसचे दिवे आणि गणपतीचं मखर आहे. तरी पुढचे दोन महिने मी कुठलाही ड्रॉवर उघडला की आधी कोपऱ्यात बघायचो, आणि बायको पण बघायची, हे मला माहीत आहे.

फेब्रुवारीत आईचा व्हिडिओ कॉल आला. तिला मावशीकडे कोल्हापूरला जायचं होतं, बॅग भरत होती, आणि बॅगेचं कुलूप उघडत नव्हतं. "तूच दिलेली ना रे ही किल्ली," म्हणून तिने ती कॅमेऱ्यासमोर धरली, इतकी जवळ की आधी नुसतं धुरकट पिवळं दिसलं, मग मागे घेतली तेव्हा डोक्यावरचा बारका सिंह दिसला. ऑक्टोबरात बॅग भरताना बॅटरीच्या ड्रॉवरमध्ये बारकी किल्ली दिसली, बॅगेचीच असणार म्हणून उचलली, डबी रिकामी राहू नये म्हणून दोन पिना टाकल्या.

मी म्हटलं आई, ती बंदुकीची आहे, ते कुलूप मोडलं, बंदूक पण विकली, फेकून दे ती.

"फेकू कशाला?" आई म्हणाली, आणि पदराच्या टोकाने ती पुसून जुडग्यात अडकवायला लागली. "असू दे. लागेल एखाद्या कुलपाला."